माळ्यावरची पेटी

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा व्यापारी घरांत वार्षिक हिशेबाचाच एक भाग असतो. दुकानातील शिल्लक माल मोजला जातो, उधारीच्या वह्या चाळल्या जातात आणि घराचे माळेही त्याच निष्ठेने रिकामे केले जातात. भोकरदन तालुक्यातील हसनाबाद या गावी असे एक घर आहे, अशी कल्पना करावी. घर कल्पित असले तरी जालना जिल्ह्यातील, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही बाजारगावात ते सहज सापडेल. पुढे दुकान, मागे राहता वाडा, वर पत्र्याखालचा माळा. थोरले बंधू गावी दुकान पाहतात, धाकट्यांनी पुण्यात व्यवसाय मांडला आहे. वाडा उतरवून नवे बांधकाम करण्याचे दोघांनी ठरविले आहे. त्यामुळे यंदा माळा पुरता रिकामा होतो आणि सर्वांत शेवटी एक पत्र्याची पेटी खाली येते.

पेटीत भांडी नाहीत, दस्तऐवज नाहीत. आहेत त्या जुन्या चित्रकथा: कडा पिवळ्या पडलेल्या, पिना गंजलेल्या, काहींची मुखपृष्ठे नाहीशी झालेली. अंगणात रद्दीवाला काटा घेऊन उभा आहे. गृहिणीचे म्हणणे असे की, ज्या वस्तूला चाळीस वर्षे कोणी हात लावला नाही, तिने नव्या घरात जागा अडवू नये. पुण्याहून आलेला पुतण्या मोबाइलमध्ये पाहून सांगतो की, अशा पुस्तकांना आता चांगला भाव येतो, तेव्हा किलोवर घालण्याऐवजी एकगठ्ठा गिऱ्हाईक शोधावे. थोरले बंधू मात्र काहीच बोलत नाहीत. ते पेटीशेजारी बैठक मारून वरचे पुस्तक उघडतात आणि ताटातले जेवण थंड होऊन जाते.

एकाच पेटीविषयी घरात तीन मते झाली. एकाला ती रद्दी वाटते, दुसऱ्याला रक्कम, तिसऱ्याला बालपण. जुन्या चित्रकथांच्या संग्रहात या तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या असतात, हे खरे. परंतु ज्यांनी हा छंद वर्षानुवर्षे जोपासला, त्यांना मिळणारा आनंद या तिहींपेक्षा निराळा आणि अधिक टिकाऊ असतो. तो समजून घ्यावयाचा तर पेटीतला एकेक थर उलगडून पाहिला पाहिजे.

तळाशी 'चांदोबा'चे अंक असतात. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत 'चंदामामा' सुरू केला. त्याचीच मराठी आवृत्ती म्हणजे 1952 पासूनचा 'चांदोबा'. काटेकोरपणे पाहता ही चित्रकथा नव्हे, सचित्र मासिक होय. परंतु चौकटींतून गोष्ट वाचण्याची गोडी अनेक घरांत त्यानेच लावली. भिंतीवरची दिनदर्शिका आणि देवघरातील तसबीर यांपलीकडे ज्या घरात रंगीत चित्र नव्हते, तेथे दर महिन्याला राजे, अरण्ये, नौका आणि राक्षस येऊन उतरत. विक्रमाच्या खांद्यावरील वेताळ चित्रकार शंकर यांनी असा काही रेखाटला की, आजही ती कथा म्हटली की अनेकांना तेच चित्र आठवते.

त्याच्या वरच्या थरात दुसरा वेताळ भेटतो. बेनेट, कोलमन या टाइम्स समूहाच्या संस्थेने मार्च 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला आरंभिली. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 मध्ये निर्माण केलेला 'फँटम' मराठीत वेताळ होऊन आला. एक वेताळ झाडाला लोंबकळणारा, दुसरा बुरखा घालून घोड्यावर बसणारा. मराठी मुलांनी दोघांनाही विनातक्रार आपले मानले. मूळ कथेतील 'बेंगाला' हे देशनाम भारतीय आवृत्तीत 'डेंकाली' झाले, कारण वाचकाला आपल्या बंगालचा भास होऊ नये. पुढे 1976 मध्ये आबिद सुरती यांनी 'बहादूर' हा अस्सल भारतीय नायक याच मालेत आणला आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिले. 1990 मध्ये ही माला थांबली, तेव्हा तिचे आठशेहून अधिक अंक निघालेले होते.

सर्वांत वर, जरा बऱ्या स्थितीत, 'अमर चित्र कथा' असतात. या मालेचा आरंभ 1967 चा. तिचे संपादक अनंत पै पूर्वी इंद्रजालच्या कामातही होते. दिल्लीत दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या मातेचे नाव सांगता आले नाही. ते पाहून पै यांना या मालेची कल्पना सुचली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. 'कृष्ण' हे त्यांतील आरंभीचे गाजलेले पुस्तक राम वाईरकर यांनी चितारले. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी या मालेसाठी विपुल काम केले आणि 1986 मध्ये 'राज कॉमिक्स'चा नागराज प्रथम रेखाटला तोही त्यांनीच. एकाच कुंचल्यातून पौराणिक राजे आणि सर्पशक्तीचा आधुनिक नायक असे दोन्ही उतरले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दोन्ही पुस्तके शेजारीशेजारी ठेवून पाहण्यात निराळाच आनंद मिळतो.

ही पुस्तके हसनाबादसारख्या गावी येत कशी? त्या काळी जालन्यावरून मनमाड-काचीगुडा मीटरगेज गाडी धावत असे. माल भरावयास जालन्याला अथवा औरंगाबादला गेलेले वडील परतीच्या एसटीत बसण्यापूर्वी एखादे पुस्तक घेत आणि ते कापडाच्या गठ्ठ्याबरोबर घरी येई. काही पुस्तके भाड्याने फिरत. दुकानदार दोरीवर अंक टांगून ठेवी आणि मुले पैसे देऊन ते दिवसभरासाठी नेत. काही अंक चार-पाच एकत्र शिवून जाड पुठ्ठ्यात बांधलेले आढळतात. बांधणी करणाऱ्याने कडा छाटलेल्या असल्याने बाजारात अशा खंडांची किंमत उतरते. परंतु मुखपृष्ठासह आतील पाने शाबूत राहिली, ती बहुधा याच बांधणीमुळे.

जाणता संग्राहक पुस्तकाची गोष्ट वाचतो, तशीच त्या विशिष्ट प्रतीचीही गोष्ट वाचतो. पहिल्या पानावर शाईने लिहिलेला पत्ता असतो: मुक्काम हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद. जालना हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्यामुळे हा पत्ता बहुधा त्यापूर्वीचा, हे वर्ष छापलेले नसले तरी कळते. किंमत पैशांत आहे की रुपयांत, मागच्या पानावर कोणत्या बिस्किटांची वा पेनची जाहिरात आहे, कागद मूळचा आहे की पुनर्मुद्रणाचा गुळगुळीत, या खुणांवरून पुस्तकाचे वय ठरते. व्यापाऱ्याची नजर धान्याची मूठ हाती घेऊन प्रत ओळखते, तशीच ही नजर आहे. ती विकत मिळत नाही, सरावाने येते, आणि एकदा आली की जात नाही. या छंदाचा पहिला टिकाऊ आनंद हा.

दुसरा आनंद शोधाचा. क्रमांक लावून ठेवलेल्या अंकांत मधला एक नसेल, तर ती रिकामी जागा संग्राहकास स्वस्थ बसू देत नाही. जुन्या पुस्तकांची दुकाने, रद्दीचे गोदाम, नातलगांचे माळे, असा शोध वर्षे न् वर्षे चालतो. त्यातील एक गंमत जाणकार आवर्जून सांगतात: इंद्रजालचे 123 आणि 124 हे क्रमांक कधी निघालेच नाहीत. संस्थेतील संपामुळे ते दोन अंक प्रसिद्ध होऊ शकले नव्हते. ज्यास हे ठाऊक नाही, तो नसलेल्या वस्तूच्या मागे आयुष्य घालवील. शोधाइतकेच कोठे थांबावे याचे ज्ञानही मोलाचे असते, आणि हा धडा केवळ पुस्तकांपुरता नाही.

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे, म्हणजे किमतीकडे वळले पाहिजे. व्यापारी कुटुंबात तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जून 1938 चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला, मूळ 10 सेंटला विकला गेला होता. त्याची एक उत्तम प्रत 2024 मध्ये अमेरिकेतील लिलावात 60 लाख डॉलरला गेली. अशा बातम्या वाचून अनेकांना आपल्या माळ्यावरही ठेवा असल्याचा भास होतो. परंतु त्या किमतीचे कारण ध्यानात घ्यावे. त्या काळी मुलांनी ते अंक वाचून फेकले आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. लाखो प्रती अशा रीतीने नाहीशा झाल्या, म्हणून उरलेल्या थोड्या मौल्यवान ठरल्या.

याच्या उलट उदाहरण तितकेच बोलके आहे. नोव्हेंबर 1992 मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विक्रीस आला. भविष्यात भाव चढेल, या आशेने लोकांनी पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन जपून ठेवल्या. आज त्या अंकास विशेष किंमत नाही, कारण सर्वांनीच तो जपला. त्यानंतरच्या काही वर्षांत साठेबाजीचा तो फुगा फुटला आणि अमेरिकेतील कितीतरी दुकाने बंद पडली. ज्या मालाचा साठा सर्वांच्याच गोदामात आहे, त्याला भाव येत नाही, हे तूर-सोयाबीनच्या बाजारात वावरणाऱ्यास निराळे सांगावयास नको. भारतातील जुन्या चित्रकथांना मागणी आहे. चांगल्या प्रतीस चांगली किंमतही येते. परंतु केवळ नफ्यासाठी हा छंद धरणाऱ्यास त्यात ना धड व्यापार साधतो, ना धड आनंद. परदेशात मौल्यवान अंक तपासून, गुण देऊन कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करण्याची पद्धत आहे. त्याची किंमत वाढते, पण ते पुस्तक पुन्हा उघडता येत नाही. वाचण्यासाठी जन्मलेली वस्तू अशी मुकी होते.

येथे जैन गृहस्थाच्या मनात एक प्रश्न सहजच उभा राहतो. संग्रह हा परिग्रहच नव्हे काय? श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील पाचवे परिग्रह-परिमाणाचे आहे. मग हौसेने वस्तू साठविण्यास त्यात स्थान कोठे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोयीचे उत्तर देऊन भागणार नाही. शास्त्रकारांनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, मूर्च्छेत म्हणजे आसक्तीत पाहिले आहे. दुसऱ्याजवळचा अंक पाहून ज्याची झोप उडते, लहान मुलाने पुस्तकाला हात लावताच जो संतापतो, खरेदीचा आकडा जो घरात लपवितो, त्याचा संग्रह दहा पुस्तकांचा असला तरी परिग्रह आहे. ज्याने मर्यादा आखली, तिच्या आत जो समाधानी आहे आणि ज्याचे दार इतरांस उघडे आहे, तो त्या वस्तूंचा मालक कमी आणि राखणदार अधिक असतो.

राखणदारीची ही परंपरा समाजास नवी नाही. पाटण आणि जैसलमेरची ज्ञानभांडारे, विदर्भातील कारंजा येथील हस्तलिखितांचा ठेवा, हे सारे पिढ्यान् पिढ्या जपले गेले, ते श्रावकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या आधारानेच. त्या भांडारांतील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या पाहिल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. त्रिशलामातेची स्वप्ने, भगवंतांचा जन्म, दीक्षा आणि केशलोच, असे प्रसंग मजकुराच्या शेजारी चौकटीत क्रमाने चितारलेले आहेत. गोष्ट चित्रांतून पुढे नेण्याची ही रीत छापखान्याहून कितीतरी जुनी आहे. पोथीची योग्यता आणि कॉमिकची योग्यता एक नव्हे; ती एका पंक्तीत बसविण्याचे कारण नाही. परंतु कागद जपण्याचे हात तेच, आणि जपण्यामागची शिस्तही तीच.

अर्वाचीन काळात या दोन धारा एकत्रही आल्या. आग्र्याच्या दिवाकर प्रकाशनाने श्रीचन्द सुराना 'सरस' यांच्या संपादनाखाली 'दिवाकर चित्रकथा' ही माला काढली. अभयकुमाराची बुद्धिमत्ता, चंदनबालेची कथा, धन्ना, मेघकुमार असे आगमांतील आणि कथाग्रंथांतील प्रसंग तिच्यामुळे रंगीत चौकटींत मुलांच्या हाती आले. पर्युषणात प्रभावना म्हणून वाटलेली अशी पुस्तके अनेक घरांत कपाटाच्या मागे पडलेली असतात. 'चांदोबा' आणि इंद्रजाल शोधणारे पुष्कळ आहेत. आपल्याच समाजाच्या चित्रकथांचा पूर्ण संच जपणारे मात्र विरळा. ज्यांस हा छंद नव्याने लावून घ्यावयाचा आहे, त्यांना याहून जवळचा आरंभ सापडणार नाही.

जपणुकीचे शास्त्र फार अवघड नाही. स्वस्त कागदात लाकडाचे लिग्निन असते. ऊन आणि हवा लागली की ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि पान ठिसूळ होते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो, म्हणून पुस्तकांसाठी त्याहून वाईट जागा नाही. खालच्या मजल्यावरील, बाहेरच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर असलेले कोरडे कपाट उत्तम. पुस्तके धुतलेल्या सुती कापडात अथवा आम्लरहित कागदात ठेवावीत. पिशवी वापरावयाचीच तर पॉलिप्रॉपिलीनची वापरावी, पीव्हीसीची नको. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण काही वर्षांनी गोंद तपकिरी होऊन अक्षरे खातो. लॅमिनेशन तर कदापि करू नये. ते पुन्हा काढता येत नाही. गंजलेली पिन हलक्या हाताने काढून त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा.

कसर आणि वाळवी यांचा प्रश्न अहिंसेच्या दृष्टीने नाजूक आहे. जीव झाल्यावर औषध फवारण्यापेक्षा तो होऊच नये, अशी व्यवस्था करणे हेच येथे शास्त्रशुद्ध आणि धर्मास धरूनही आहे. ओल नसावी, खाण्याचे पदार्थ जवळ नसावेत, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कपाटात असावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक पुस्तक उघडून पूंजणीसारख्या मऊ कुंच्याने हलकेच झाडावे. पावसाळा सरल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, पोथ्या बाहेर काढून, पुसून, नव्या वेष्टनात ठेवण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी अशीच शास्त्रपूजेची असते. वर्षातून एकदा तरी प्रत्येक पान माणसाच्या हाताखालून जावे, हा नियम कोणत्याही संग्रहास लागू पडतो.

हसनाबादच्या त्या घरातही निर्णय ज्ञानपंचमीपर्यंत लांबतो. रद्दीवाला जुनी वर्तमानपत्रे घेऊन गेलेला आहे; पेटी ओसरीवर तशीच आहे. वहीपूजनात वापरलेल्या वह्यांपैकी एक शिल्लक राहिली आहे. थोरले बंधू ती पुतण्यापुढे ठेवतात आणि यादी करावयास सांगतात: क्रमांक, नाव, भाषा, स्थिती, कोणाची प्रत. विकावयाचे असले तरी आधी मालाची मोजदाद हवी, हे त्यालाही पटते. तीन दिवस दोघे त्यात गुंततात. नसलेल्या क्रमांकांपुढे ओळ कोरी सोडली जाते. दुबार प्रती अदलाबदलीसाठी निराळ्या काढल्या जातात. जैन चित्रकथांच्या जादा प्रती स्थानकातील पाठशाळेसाठी बाजूला होतात. गृहिणीशी तडजोड ठरते ती एका कपाटाची: नव्या घरात एकच कपाट, त्याबाहेर एकही पुस्तक नाही, नवे आले तर एक जुने दुसऱ्यास द्यावयाचे.

चौथ्या दिवशी पुतण्याच्या हाती एक इंद्रजाल येतो. पहिल्या पानावर थोरल्या काकांचे नाव शाईने लिहिलेले आहे. ते खोडून त्याखाली दुसऱ्या, लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत त्याच्या वडिलांचे नाव आहे. तेही खोडलेले आहे. त्याखाली तिसऱ्या, वळणदार हस्ताक्षरात, आजोबांच्या हिशेबी अक्षरात, दोन्ही मुलांची नावे एका ओळीत लिहून खाली रेघ मारलेली आहे.

पुतण्या 'कोणाची प्रत' या रकान्यात काय लिहावे, असे विचारतो. थोरले बंधू पान पाहतात, चष्मा काढून पुसतात आणि पुण्याला फोन लावावयास सांगतात. वाड्याच्या बांधकामाचा खर्च आणि वाटणी यांवरून गेले दोन महिने दोघा भावांत कामापुरतेच बोलणे चालू होते. त्या संध्याकाळचे संभाषण बरेच लांबते, आणि त्यात बांधकामाचा विषय अगदी शेवटी येतो.

वहीतील त्या रकान्यात आजोबांनी लिहिल्याप्रमाणेच दोन नावे एका ओळीत लिहिली जातात.